पदूकाकांची निळी खूण

पदूकाका माणसाचं तोंड बघायचे, पण त्यावर तीळ असेल तरच. नवा माणूस भेटला की आपण गाव विचारतो, नाव विचारतो. काका त्याची बाही वर सारत, अंगठा जिभेवर ओला करत, सापडलेल्या ठिपक्यावर खसाखसा घासत आणि विचारत, "लावलेलं का आणलेलं?" लावलेलं म्हणजे काजळ, शाई, कोळसा. आणलेलं म्हणजे मागल्या जन्माहून सोबत आणलेलं.

दहिवलीत माझं किराणा दुकान त्यांच्या अंगणासमोरच, त्यामुळे हा छळ सगळ्यांत जास्त मी सोसला. माझ्या कानामागे एक मस आहे. "मागल्या जन्मी पंतोजीनं पिरगाळलेला कान हाय हा," काका भर गिऱ्हाइकांत सांगत. "तवापासून शेटचं वजनमाप कच्चं." आता दुकानदाराबद्दल असं चारचौघांत बोलतात का? मी रागावलो की काका म्हणत, "रागावतोस काय रं, मस माझा हाय का?"

खालापूरला एकदा जमिनीच्या कज्ज्यात साक्षीला गेले. कारकुनाच्या मानेवर मोठं लासं, म्हणजे जन्मापासूनचा काळा चट्टा होता. "रावसाहेब, मागल्या जन्मी जू लई वढलंत वाटतं," काका हात जोडून म्हणाले. कारकुनाला बैल म्हटल्याबद्दल त्यांना दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. मोसमात ते माथेरानला साहेबांच्या बंगल्यांवर कोंबड्या विकायला जात. तिथं तोंडभर वांगाचे ठिपके असलेली एक मडम पाहून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. "एका बाईत आख्खं गाव परत आलंय, शेट! कुनाकुनाला हाक मारावी मानसानं?"

आम्ही हसायचो. पोरांच्या आया मात्र हसत नसत. गावात बारसं असलं की काका न बोलावता हजर. पाळण्याशी जायचं, बाळाच्या गालावरची तीट पुसायची, दुपटं सोडून त्याला पुढून मागून न्याहाळायचं आणि निघून यायचं. "काका, नजर लागंल पोराला!" बायका ओरडत. पण त्या भीत होत्या ते नजरेला नव्हे.

काकांची लेक येसू देवीच्या साथीत गेली होती. नुकती भिंतीला धरून चालू लागली होती. आमच्याकडे इतकं लहान पोर जाळत नाहीत, पुरतात. पुरण्याआधी बाप त्याच्या अंगावर काजळाचं बोट टेकवतो. पोर परत जन्माला आलं तर ती खूण घेऊन येतं, आणि ती निळी उमटते, अशी समजूत. काळे तीळ काय, कुणालाही असतात. निळा क्वचित. पण याच समजुतीला एक वाईट शेपूट होतं. ओळख पटून जुन्या आईबापानं नाव घेऊन हाक मारली, की ते पोर नव्या घरी टिकत नाही. म्हणून काका दिसले की बाळंतिणी पोर पदराखाली घेत.

पुरायला बायका जात नाहीत. त्यामुळे खूण कुठं केली ते एकट्या काकांना माहीत. बायकोलाही, म्हणजे ठकूकाकीलाही, त्यांनी सांगितलं नव्हतं. "आई हाय ती. तिला परत्येक पोरात दिसंल," असं त्यांचं म्हणणं. काका बारशाहून परतले की काकी दारात उभी असायची.

"हाय?"

"नाय."

मग दोघं आत जात. मी दुकानातून हे वर्षानुवर्षं पाहत होतो.

मग कुंभाराच्या गंगीला मुलगी झाली. गंगीची आधीची दोन पोरं गेलेली. या मुलीच्या पायावर निळा डाग आहे, असं गावभर झालं. बारशाला मी गूळ पोचवायला गेलो, तर गाणं नाही, हसणं नाही. गंगी मुलीला छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकलेली. तिची सासू काकांना म्हणाली, "पदूबा, काय ते एकदाचं तोंडावर सांगा. हिच्या गळ्याखाली घास उतरत नाय."

काकांनी मुलीचा पाय हातात घेतला. उजव्या घोट्यावर मसुराच्या दाण्याएवढा डाग होता. गुळगुळीत, जरासा वर आलेला, पाटीच्या रंगाचा निळा. काकांनी घासला. गेला नाही. त्यांचे ओठ हलले. आता हे हाक मारणार, असं वाटून मी दाराची चौकट धरली.

काका मोठ्यानं हसले. "हात्तिच्या! ग्रहनात विळी धरली असशील गं पोरी, त्याचा डाग हाय हा. आमच्या येसूची खूण खांद्यावर व्हती. खुशाल पाज तिला."

गंगी हुंदके देत रडली आणि तिनं मुलीला पदराखाली घेतलं.

परतताना काका नदीच्या काठी खाली बसले. मीही बसलो.

"खांद्यावर होती ना, काका?"

"घोट्यावर, शेट. उजव्या. नुकती चालाय लागली व्हती ना. वाट चुकू नये म्हनून पायालाच लावली."

"मग तिथं तसं का सांगितलंत?"

"त्या पोरीची दोन पुरलीत रं. माझी एकच."

घराशी आलो तर काकी अंगणापर्यंत पुढं आलेली. तिच्याही कानावर गेलं होतं.

"निळी हाय म्हनं?"

"निळी हाय. पर आपली नव्हं."

काकी म्हणाली, "नसंल. येईल की पुढं कधीतरी. दमलीय जनू, बसली असंल वाटेत."

म्हणून काकांना पुढल्या बारशाला जावं लागलं. आणि त्याच्या पुढच्याही. जाणं थांबवलं असतं तर येसू सापडली हे काकीला कळलंच असतं. काकी होती तोवर ते प्रत्येक पाळण्याशी गेले, आयांच्या शिव्या खाल्ल्या, आणि परत येऊन दारात तेच उत्तर दिलं.

गंगीची मुलगी मोठी झाली. आमच्या आळीत हुंदडायची, अंगणात शिरायची. ठकूकाकीचा तिच्यावर फार जीव. कुणाची म्हणून नव्हे, समोर आलेलं पोर म्हणून. काकी तिला मांडीवर घेऊन केस विंचरायची, आणि काका तेवढा वेळ आत अंधारात भिंतीकडे तोंड करून बसायचे. चुकून नाव तोंडून जाईल म्हणून.