हबीबचाचांचं शेवटचं बटण

धारूरच्या बाजारात हबीबचाचांइतका सुबक सदरा कुणी शिवत नाही, आणि पुरा शिवलेला सदरा हबीबचाचा कुणाला देत नाहीत. शेवटचं बटण मुद्दाम लावायचं ठेवलेलं असतं. "ते गिऱ्हाईक समोर बसल्यावरच लावतो," म्हणायचं आणि स्टूल पुढं सरकवायचं. बसलात की अडकलात. सुईत दोरा ओवता ओवता चाचा करोनाच्या विषाणूवर येतात.

ही विद्या लेकीकडून आलेली. ती शाहीन, माझी जुनी विद्यार्थिनी, हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. पेशी आपल्या प्रथिनांना बारीक रासायनिक खुणा जोडते आणि त्यावर प्रथिनाचं काम ठरतं, हे मी शाळेत सांगितलं की वर्ग जांभया देतो. चाचा सांगतात तेव्हा हळदीची घाई असलेला नवरदेवही बसून राहतो.

"कापड तेच हाय, सर. एक बटण लावलं की शिपायाचा कोट, दुसरं लावलं की बँडवाल्याचा. आपली पेशी दिवसभर हेच करती. आता हा जंतू येतो. ना मशीन, ना दोरा. आमच्याच दुकानात बसून, आमच्याच कारागिराकडून सोताला बटणं लावून घेतो, अन् एकाचे ढीगभर होतो. वर पहारेकऱ्याची बटणं तोडतो, म्हंजी त्यानं शिट्टी वाजवू न्हाई. लई बदमाश."

एकदा एक पुढारी प्रचाराचा कुर्ता न्यायला आले आणि हे सगळं ऐकून गेले. संध्याकाळच्या सभेत त्यांनी विरोधकांना 'आमच्याच दुकानात बसून बटणं लावून घेणारे' म्हटलं. टाळ्या कडाडल्या. कुणाला काही कळलं नव्हतं.

चाची करोनात गेल्या. त्यानंतर शाहीननं विषाणूच्या या खुणांचं काम धरलं. दर शुक्रवारी नमाजनंतर बापलेक फोनवर बोलतात. चाचींचं नाव दोघंही काढत नाहीत, बोलणं सगळं बटणांचं.

मागच्या शुक्रवारी मी सदऱ्याचं माप द्यायला गेलो, तेव्हा फोन स्पीकरवर चालू होता. शाहीन सांगत होती की तिचं ते काम संपलं, आता ती भातावरच्या रोगाकडे वळली आहे. चाचा अच्छा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पर बेटा, कोणतं बटण लावलं असतं तर तो अडला असता, ते घावलं का?"

काही खुणांनी तो मंदावतो, ती म्हणाली, पण पुरतं अजून कुणालाच कळलेलं नाही. फोन लवकर आटोपला. चाचांनी माझ्या गळ्याचं माप दोनदा घेतलं.

परवा सदरा आणायला गेलो, तर सगळी बटणं लावलेली. स्टूल भिंतीशी उलटं ठेवलेलं. चाचांनी घडी पिशवीत घातली आणि मान पुन्हा मशीनवर वाकवली.

मी पायरी उतरलो, सदरा पिशवीतून काढला आणि खालचं बटण पिरगाळलं. निघेना. शेवटी दात लावले. मग परत वर गेलो.

"चाचा, एक बटण निघालं."

त्यांनी तुटलेला दोरा बोटावर घेऊन उजेडात धरला.

"माझा दोरा असा तुटत न्हाई, सर," म्हणाले, आणि उठून स्टूल सरळ केलं.