कळमन्याच्या नऊ पाट्यांची मोहीम

कळमन्याच्या धान्यबाजारामागे माळ एक आहे. त्या माळावर जे युद्ध जाहले, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे साद्यंत लिहिले आहे. यात पदरचे काही नाही. जेथे अतिशयोक्ती भासेल तेथे वाचणाराने एखादे सरकारी कचेरीत स्वतः जाऊन खातरजमा करावी.

या माळावर देवाजी मास्तर बावीस वर्षे वस्तीच्या मुलींस आट्यापाट्या शिकवीत. खेळ ऐसा की, भुईवर नऊ आडव्या अरुंद पट्ट्या आखाव्या, त्यांस पाट्या म्हणावे, आणि दर पाटीवर पहारेकरीण उभी करावी, आणि गनिमाने तिला हूल देऊन पार व्हावे. दोन वर्षांमागे सरकारने दुर्लक्षित वस्त्यांतील तरुणांस खेळाची संधी द्यावी ऐसा मनसुबा जाहीर केला. मग मास्तरांनी अर्ज गुदरला की, 'आमचे माळास नऊ पाट्या मंजूर व्हाव्या', आणि वाट पाहिली, आणि पाहता पाहता गेल्या चैत्रात वारले. त्यांची कन्या भूमिकाबाई रामदासपेठेत ग्रंथालय सांभाळीत. त्यांनी रडणे तहकूब ठेविले आणि बापाची शिटी गळ्यात घातली.

इकडे संत्र्यांच्या ट्रकांचे धनी गणपतराव, त्यांचा डोळा माळावर. वरून हुकूम सुटला होता की, शनिवारी पाहणी होईल. मैदान सिद्ध असेल तर खेळास, नसेल तर ट्रक उभे करण्यास द्यावे. दुसरे मैदान दोन कोसांवर, आणि तितक्या लांब पोरी धाडण्यास वस्तीतले एकही घर राजी नव्हते. सबब माळ गेला तर खेळ गेला.

गुरुवारी दोन प्रहरी हुजुरातून हत्ती आला. हत्ती चार चाकांचा, लोक त्यास छोटा हत्ती म्हणत. त्याच्या पाठीवरून खडखडाट करीत लोखंडी खांबांचे निळे, कोरे नामफलक उतरले. सोबत खलिता: 'मागणीप्रमाणे पाट्या, नग नऊ.'

मुलींची अवघी फौज फलकांभोवती गोळा जाहली. मग खुशी नामे तेरा वर्षांची वीरांगना एका फलकावर पाय ठेवून म्हणाली, "ताई, या पाटीवर उभं कसं राहाचं वं? हे तं डुलून राहिली!"

आणि अकरा मुली हसत मातीत लोळल्या, आणि चैत्रापासून प्रथमच भूमिकाबाईस हसू आले, आणि ते आवरेना.

शुक्रवारी फौजेने दोन ऑटोंत कूच केले. एकीत सहा, दुसरीत सहा, पाय बाहेर. कचेरीत रुपराव नामे कारकून, फायलींचे किल्लेदार, चहा पीत होते.

"कागदात काय लिवलं? पाट्या," रुपराव वदले. "गाडीतून काय आलं? पाट्या. मंग काहून भांडून राहिल्या?"

"साहेब, त्या पाट्या नव्हेत. जमिनीतल्या," भूमिकाबाई म्हणाल्या.

"मंग जमिनीतच गाडा ना! हवेत कोन लटकवते?"

"काका, आट्यापाट्या!" खुशी ओरडली.

रुपरावांनी साहित्याची यादी काढली आणि बोट फिरवीत खालवर पाहिले. "पाट्या हायेत. आट्या नावाचा जिन्नस नाई आमच्याकडं."

मग फर्मान सुटले की, मंजूर कागद बदलण्यास एक वर्ष लागेल; उद्या आम्ही जातीने येऊ; नऊ पाट्या बसविल्या आणि वापरात असल्या तर माळ तुमचा. पाहणीच्या फॉर्माची प्रत बाईंनी मागून घेतली आणि ऑटोत मांडीवर पसरून ग्रंथ वाचावा तैसी वाचली. पाटी शब्द तीन ठायी होता. लोखंड हा शब्द कोठेच नव्हता. मग मसलत जाहली, आणि ऑटोवाला ऐकण्याच्या नादात वळण चुकला.

शनिवारी उजाडताच फौज माळावर उतरली. बावीस वर्षे मास्तरांनी एकाच जागी रेघा मारिल्या होत्या. गवत उपटताच जुन्या खाचा दिसू लागल्या, आणि मुलींनी त्यांत चुना भरला. निळे फलक माळाच्या तोंडाशी हाताहाताच्या अंतरावर ठोकिले. इतक्यात गणपतराव ट्रक घेऊन आले.

"कोनं गाडलं हे? माही गाडी कुठून जाईन?"

संत्री निवडणाऱ्या मीराबाई तेथे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सरकारनं गाडलं, गणपतराव. उपटून पाहा ना, कोनं अडवलं तुमाले?"

गणपतरावांनी सरकारी रंगाकडे पाहिले आणि ट्रक उलटा घेतला.

मग रुपरावांची स्वारी आली. लोखंडी नग नऊ मोजिले आणि विचारिले की, वापरात आहेत काय?

"वापरातल्या आत आहेत," भूमिकाबाई म्हणाल्या. "चालून मोजा. मात्र आमच्या मुली अडवतील."

"मले?" रुपराव हसले. "मी साकोलीचा आहो, बापा! लहानपनी मीबी पाट्या मारल्या!" आणि त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडिली, आणि फाईल मीराबाईंच्या हाती दिली, आणि पहिली पाटी हूल देऊन मारिली. दुसरी, तिसरी, चौथीही मारिली. पाचवीवर खुशी. साहेब डावीकडे, खुशी डावीकडे. साहेब उजवीकडे, खुशी उजवीकडे. मग साहेबांनी ऐसी हूल दिली की स्वतःच चुन्यात पालथे पडिले. हलकल्लोळ जाहला. मीराबाईंनी टाळ्यांऐवजी फाईलच पिटली. साहेब उठले, पांढरेफेक, आणि पुन्हा पहिलीपासून! तीन वेळा शिकस्त खाल्ली, चौथे वेळी नववी पार करून आरोळी ठोकिली आणि दम खात बसले.

"नऊ," ते म्हणाले. "वापरात. लय वापरात."

मग फॉर्माचा शेवटला रकाना आला. "अर्जदार हजर पायजे. देवाजी मास्तर कोन? बलवा त्याइले."

अर्जदार नसेल तर अर्ज निकाली, ऐसे खाली बारीक अक्षरांत लिहिले होते. ते बाईंनी ऑटोतच वाचिले होते, आणि त्यास तोड सापडली नव्हती. खोटे बोलणे त्यांस जमेना.

"ते गेले," बाई म्हणाल्या.

"कुठं गेले?"

बाईंचा हात शिटीकडे गेला. खुशी पुढे आली. "मैदान आखून गेले, काका."

रुपरावांनी बाईंच्या गळ्यातल्या शिटीकडे पाहिले, मग आपल्या चुनाभरल्या बाह्यांकडे पाहिले. पेन झटकून लिहू लागले, आणि लिहिले ते येणेप्रमाणे:

'पाट्या नऊ. सर्व वापरात. अर्जदार मैदान आखून गेले. माळ खेळाकडे कायम करावा.'

सही जाहली, शिक्का उमटला, फत्ते जाहली. बाईंनी कागद दोनदा वाचला, मग पाठमोऱ्या होऊन तहकूब ठेविलेले काम थोडके उरकिले. मग वळून शिटी मारिली, आणि मुली पाट्यांवर उभ्या राहिल्या.