फाटक बंद आहे

सरकारी उद्यान तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर एका मनोरंजन कंपनीकडे गेलं, आणि महिन्याभरातच बाळकृष्ण खांबेट्यांच्या वाटेत रूळ आले. इंदिरा नगरातल्या या उद्यानात ते आणि त्यांच्या पत्नी मंजिरीताई रोज सकाळी चालायला येत. आता त्या वाटेवरून मुलांची छोटी आगगाडी आडवी जाऊ लागली. इंजिनाला मोराचं तोंड होतं.

खांबेटे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना गाडीचा राग नव्हता. "रस्ता रूळ ओलांडतो आणि फाटक नाही? माणसं मारायचीयत का?" असं म्हणत ते सरकारी कचेरीत गेले. तिथे कळलं की जमीन सरकारची, मनोरंजन कंपनीचं. आणि करारात फाटकाचा उल्लेख नाही.

मग ते कंपनीच्या मॅनेजरवर चालून गेले. आशिष सक्सेना त्यांना पाहून उभाच राहिला.

"अंकलजी, आप बस हुक्म कीजिए. क्या लगवा दें?"

भांडायला गेलेल्या माणसाचा अशाने तोल जातो. खांबेट्यांनी तिथेच बसून नकाशा काढून दिला.

आठवड्यात फाटक बसलं. फाटक आलं म्हणून सिग्नल आला. आणि हे सगळं कळणारा माणूस उद्यानात एकच असल्यामुळे शिट्टी आणि दोन्ही झेंडे खांबेट्यांच्याच हाती आले.

नियम साधा होता. गाडी स्टेशनातून सुटण्याआधी फाटक बंद करायचं, ती पुढच्या स्टेशनात पोचली की उघडायचं. पण रूळ गोल, स्टेशन एकच. गाडी पोचायची तेव्हा तिची सुटायची वेळ झालेली असायची. फाटक काही उघडेना.

चालणाऱ्यांची रांग लागली. सर्वांत पुढे मंजिरीताई.

"अहो, उघडा ना."

"गाडी सेक्शनमध्ये आहे."

"दिसतेय मला. तिकडे झोपाळ्यांपाशी आहे. इथे यायला तिला अजून दोन मिनिटं लागतील."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम."

छत्तीस वर्षांच्या संसारात ते त्यांना पहिल्यांदाच मॅडम म्हणाले. मंजिरीताईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा झेंड्यांकडे पाहिलं. मग मागे वळून त्या रांगेला म्हणाल्या, "चलिए, स्टेशन चलते हैं."

सगळी रांग स्टेशनात गेली आणि गाडीत बसली. गुडघे हनुवटीला लागत होते, पण वारा छान होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी थर्मास आणला, तिसऱ्या दिवशी खस्ता कचोरी. आशिषने लगेच पाटी लावली: 'मॉर्निंग वॉक स्पेशल'.

आता सकाळी उद्यानात कोणीच चालत नाही. फक्त खांबेटे फाटकापासून सिग्नलपर्यंत आणि सिग्नलपासून स्टेशनापर्यंत पळत असतात.

परवा गाडीतून उतरताना मंजिरीताई आशिषला हळूच म्हणाल्या, "बेटा, इनको छुट्टी मत देना. कमर दो इंच कम हुई है."