करारातल्या एकोणचाळीस चुका

ताईचं पत्र येऊन पाच महिने झाले होते आणि वेलांटीबुवांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र आता त्यांना पाठच होतं. "घर सोडायचं आहे. वृद्धाश्रमात एक खाट माझ्यासाठी धरून ठेवली आहे. ती घेऊ, की तुझ्याकडे येऊ? फोनवर मला ऐकू येत नाही आणि बारीक अक्षर दिसत नाही. एका ओळीत, मोठ्या अक्षरात कळव." खाली शेवटची तारीख होती. ती तारीख आता या शनिवारवर येऊन ठेपली होती.

त्या एका ओळीतच सगळा घोळ होता. बुवांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घावरून ते भल्याभल्यांना परत पाठवत, म्हणून तिथे हे नाव पडलं आणि घरापर्यंत आलं. आता नुसतं 'ये' लिहिलं तर हुकूम वाटतो. 'येऊ शकतेस' म्हटलं तर उपकार. 'अवश्य यावे' म्हटलं तर थेट लग्नपत्रिका. अकरा मसुदे फाडून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपला हात कापतो, तेव्हा संगणकावर मोठ्या टायपात लिहून छापू.

संगणकात मुलीनं गेल्या भेटीत नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. कार्डाचं म्हणणं पडद्याला समजावून सांगायला ड्रायव्हर नावाचा एक दुभाष्या लागतो. संगणकाबरोबर आलेला फुकटातला दुभाष्या तेवढं काम करत होता, फक्त अक्षरांच्या डोक्यावरची टिंबं गिळत होता. बुवांनी 'आनंद' लिहिलं की पडद्यावर 'आनद' दिसायचं.

"कागदावर बरोबर उमटतंय की," बायको म्हणाली.

"पण मला दिसायला नको?"

मुलीला फोन गेला. ती कामात होती. "बाबा, कंपनीचा ड्रायव्हर टाका. आधी जुना काढायचा, मग नवा घालायचा, करार येईल त्याला 'मान्य' म्हणायचं. पाच मिनिटांचं काम आहे."

जुना निघाला. त्याबरोबर पडद्यावरची अक्षरं बादलीएवढी झाली. नव्याचा करार उघडला, तो त्यात मावेना. एका वेळी जेमतेम तीन ओळी दिसत. बुवांनी तो छापून घेतला. बावन्न पानं निघाली, तीही मराठीत. मग लाल पेन शोधलं.

दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही.

"झालं का?" बायकोनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं. आवाज अजून बरा होता.

"कलम नऊवर आहे. ऐक. 'वापरकर्ता कंपनीच्या सर्व चुकांस जबाबदार राहील.' आणि त्यात 'चुकांस' लिहिताना चु दीर्घ. एकोणचाळीस चुका आहेत. कुणी शिकवलं यांना लिहायला?"

"आज बुधवार आहे. पत्राला दोन दिवस लागतात."

"माहीत आहे," बुवा म्हणाले आणि कलम दहाकडे वळले.

सकाळी पुन्हा मुलीला फोन. 'मान्य'चं बटण पडद्याच्या खाली कुठेतरी गडप झालं होतं.

"दिसत नसलं तरी आहे ते. टॅब दाबा, मग एंटर."

"म्हणजे मान्य होईल?"

"हो."

"पण मला मान्य नाही."

"बाबा, तो करार कुणीही वाचत नाही."

बुवांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. उभ्या जन्मात त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत गेला नव्हता, तो आज जिन्यात गेला. "कुणीही वाचत नाही ते वाचूनच मी तुला शिकवलं. त्याच पैशांनी."

"बरं, चुकलं माझं. आता दाबा. आणि मध्ये एकदा पडदा काळा—"

बुवांनी टॅब दाबलं, एंटर दाबलं आणि फोन आपटला. पडदा काळा झाला. एवढा अपमान सोसून वर हे. त्यांनी वाकून भिंतीतली पिनच उपटली. पुन्हा लावली तेव्हा संगणक गुरगुरला, पण पडदा उजळला नाही. बुवांनी त्याच्या डोक्यावर एक चापट मारली, मग दुसरी.

फोन वाजला. बायकोनं उचलला.

"आई, पडदा काळा होतो मध्ये, तो होऊ द्यायचा. हात नाही ना लावला?"

"पिन काढली."

"रविवारी येते."

"शनिवारी मुदत संपतेय," म्हणून बायकोनं फोन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून ती बुवांसमोर उभी राहिली. "तुम्हाला उत्तर द्यायचंच नाहीये. तुम्हाला दुरुस्त्या करायच्यात. कंपनीच्या करा, स्वतःच्या करा, आणि तिकडे ताई उशी काखेत मारून त्या आश्रमाच्या दारात उभ्या राहू देत."

"तसं नाही," बुवा पुटपुटले. मग मान खाली घालून म्हणाले, "तुला चालेल का, ती आलेली?"

बायकोचा चेहरा लालबुंद झाला. "पाच महिन्यांत आज विचारलंत. आतल्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी खाट लावली मी. नवी चादर घातली. त्या चादरीवर तुम्ही ही बावन्न पानं पसरून बसलात, तेव्हा वाटलं नाही, ही खाट कुणाची म्हणून?"

बुवांना वाटलं होतं, पानं पसरायला सोय केली आहे. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

तिनं कोरा कागद आणि जाड पेन समोर आदळलं. बुवाही चिडले होते; तिच्यावर, कंपनीवर, सर्वांत जास्त स्वतःवर. हात कापत होता, म्हणून अक्षर आपोआप तळहाताएवढं निघालं. मसुदा नाही, खाडाखोड नाही. पाकीट तिनंच चिकटवलं आणि दोघं चौकातल्या टपालपेटीपर्यंत गेली.

पाकीट आत पडल्याचा आवाज झाला आणि बुवांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मनगटापर्यंत हात पेटीत घातला.

"काय झालं?"

"'इथे तुझी खाट तयार आहे' असं लिहिलंय. 'तुझी'तला तु दीर्घ पडला. मी लिहिला, दीर्घ."

"काढा हात," बायको म्हणाली. "त्याच्यावरून भांडायला तरी येतील."