धोंडीआबांची हजेरी

किल्ला असो, लेणी असोत, नाहीतर मकबरा. बघून परत आलेल्या माणसानं तिथलं काहीतरी सांगितल्याशिवाय धोंडीआबा गाडी चालू करत नसत. किल्ली हातात धरायची, मान मागं वळवायची आणि एकेकाकडं बघत म्हणायचं, "हां, बोला. काय बघितलं?" याला ते हजेरी म्हणत. गाडीत पाच माणसं असतील तर पाच हजेऱ्या. तान्ह्या लेकराला तेवढी सूट होती.

माझ्या मावशीनं एकदा अजिंठ्याहून परत आल्यावर "फार उकाडा होता बाई" एवढंच सांगितलं. आबांनी मान हलवली.

"उकाडा आमच्या निमोण्यात बी हाय. तिथलं सांगा."

मावशी बिचारी चपला काढून पाय चोळत बसली होती. तिनं डोळे मिटून बरंच आठवलं, तेव्हा तिला एका चित्रातलं कमळ सापडलं. "हातात कमळ धरलंय," ती म्हणाली.

"कसं धरलंय?"

"असं." मावशीनं दोन बोटं नाजूक वळवून दाखवली. आबांनी ती बोटं नीट बघून घेतली, स्वतःची स्टिअरिंगनं राठ झालेली दोन बोटं तशीच वळवून पाहिली, आणि मग गाडी चालू झाली.

मी तेव्हा दौंडला हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. दौंड जंक्शन असल्यामुळं चारी दिशांचे पाहुणे आमच्याकडंच उतरायचे, आणि उतरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना काहीतरी ऐतिहासिक बघायचं असायचं. मोबाईल कुठले तेव्हा! निमोण्याच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवायचा, की ठरलेल्या दिवशी सकाळी सहाला आबांची पांढरी अँबॅसिडर दारात हजर. विजापूर, औरंगाबाद, पैठण, नगर, कुठंही जायला माणूस तयार. डोक्याला टोपी, खांद्यावर पंचा आणि तोंडात अखंड माहिती.

माहिती तरी कसली! गोल घुमटात कुजबुज पलीकडच्या भिंतीपर्यंत कशी जाते, वेरूळचं देऊळ वरून खाली कसं कोरलं, सगळं आबा गाडी चालवता चालवता सांगत. मुंबईची एक पार्टी तर त्यांना गाईडच समजली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "आबा, तुम्ही किती वेळा पाहिलाय हो गोल घुमट?"

"पार्किंगपातुर? चाळीसेक डाव तरी झालं असत्याल."

"आणि आत?"

"आत कवाच न्हाई."

आणि ते खरं होतं. आबांनी आयुष्यात एकही स्मारक आत जाऊन बघितलं नव्हतं. माणसं आत गेली की ते बॉनेट पुसत, चाकं बघत, आणि सावलीत पंचा टाकून बसत. कुणी आग्रह केलाच तर उत्तर ठरलेलं असे, "गाडीला एकटं सोडायचं न्हाई." त्यांचं सगळं ज्ञान हजेरीतून गोळा झालेलं. त्यामुळं कधीकधी विजापूरची तोफ दौलताबादला जाई आणि दौलताबादचा खंदक पैठणला येई. मी दुरुस्ती करायला गेलो की म्हणत, "गुरुजी, तुम्ही पुस्तकातलं सांगता. म्या बघून आलेल्यांचं सांगतो." मी इतिहासात एम. ए. केलेला माणूस, पण तोफ दौलताबादलाच राहायची.

आता माझ्या पापाविषयी सांगतो.

एका उन्हाळ्यात सासरची मंडळी घेऊन दौलताबादला गेलो होतो. ती सगळी वर चढून गेली. मी पहिल्या दरवाजाशीच उसाचा रस घेत बसलो. किल्ला मी कॉलेजात असताना बघितला होता, मला पुन्हा घाम गाळायची काही गरज नव्हती. परत आल्यावर हजेरी सुरू झाली. मेव्हण्यानं तोफ सांगितली, सासूबाईंनी खंदक, बायकोनं अंधारी, म्हणजे किल्ल्याच्या पोटातली ती काळीकुट्ट वाट. सगळं चांगलं चांगलं संपून गेलं आणि शेवटी आबा माझ्याकडं वळले. इतिहासाचा मास्तर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत जरा जास्तच अपेक्षा होती. आता "रस प्यायलो" असं कसं सांगणार?

"वर बारादरीत, त्या खिडक्यांच्या महालात," मी बेधडक बोललो, "एक दगडी झोका आहे. अखंड दगडाचा. कड्यासुद्धा दगडाच्याच. राणी त्याच्यावर बसायची."

"हालतो?"

"वारा सुटला की जरासा."

बायको माझ्याकडं बघत राहिली, पण नवऱ्याची अब्रू म्हणून गप्प बसली. आबांनी मात्र दोनदा "दगडी झोका, दगडी झोका" म्हणून घेतलं आणि खूश होऊन किल्ली फिरवली. मीही पुढच्या वळणावर ते विसरून गेलो.

पुढच्या वर्षी शिरूरहून परत येताना आबांनी चहाला निमोण्यात घरी थांबवलं. ओट्यावर त्यांच्या मालकीण, हौसाबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. आबांनी माझी ओळख करून दिली तशा त्या हसल्या.

"झोक्यावालं गुरुजी का? या की. लोकं तोफा आन् भिंतीच बघून येत्यात. झोका तेवढा तुम्ही बघितला."

मी चहाच्या कपात तोंड घातलं. हौसाबाई मात्र रंगात आल्या होत्या. गोल घुमट, वेरूळ, मकबरा, एकेक सांगत सुटल्या. अजिंठ्याला आल्या तेव्हा लसणीची पाकळी खाली ठेवून त्यांनी दोन बोटं नाजूक वळवली. "आन् कमळ असं धरलंय बघा." हुबेहूब माझ्या मावशीची बोटं. मी मान वर केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या माझ्याकडं बघून बोलत नव्हत्या, माझ्या जरा डावीकडं बघून बोलत होत्या.

"साखरंनं डोळं गेलं तिचं," गाडीकडं येताना आबा म्हणाले. "गाडी घेतली तवा ठरलं व्हतं, समदं दोघांनी संगट बघायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ऱ्हाऊन गेलं. मग म्या एकट्यानं बघून काय करू?"

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्या बाईंकडं अशी शेकडो परक्या नजरांची शिदोरी होती, आणि त्यातली त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट मी रस पिता पिता बनवलेली. तोंडातून निघून गेलं, "आबा, त्यांना घेऊन जाऊ या की आपण दौलताबादला. गाडीपाशी मी बसतो."

आबांनी आढेवेढे घेतले. गुरुजींना गाडी राखायला कसं बसवायचं, तिला चढवायचं कसं, एक ना दोन. ओट्यावरून हौसाबाईंचा आवाज आला, "चढायला काय झालंय मला? मेंढरांमागं डोंगर तुडवलेत म्या. झोक्यावर बसायचंय मला."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. रस्ताभर मी खरं सांगायचं ठरवत होतो. नगर गेलं, औरंगाबाद गेलं, माझं तोंड काही उघडेना. किल्ल्याशी आबांनी किल्ली माझ्या हातात दिली, बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि बायकोचा हात धरून निघाले. दरवाजापाशी जाऊन एकदा मागं वळून बघितलं. मी गाडीजवळ आहे याची खात्री करून मग आत गेले.

चार तास मी त्या गाडीपाशी बसून होतो. काचा पुसल्या, चाकं बघितली. झोका नाही म्हटल्यावर त्या बाईंचं काय होईल, एवढाच विचार डोक्यात. वर्गात मी पोरांना पुराव्याशिवाय बोलायचं नाही म्हणून दटावतो, आणि माझे हे उद्योग.

दोघं परत आली ती हसतच. आज हौसाबाई पुढच्या सीटवर बसल्या. आबांनी विचारायच्या आतच त्यांची हजेरी सुरू झाली.

"अंधारीत ह्यांची बोबडी वळली, गुरुजी. समद्या माणसांची वळली. धडपडत्यात, भिंतीला थडकत्यात. म्या म्हणलं, माझा हात धरा आन् गप चला. म्याच बाहेर काढलं ह्यांला."

"आणि झोका?" मी कसंबसं विचारलं.

"बसले की. ह्यांनी हात धरून बसवलं. हालत न्हाई आता, सरकारनं कड्या पक्क्या केल्यात म्हणं." त्या जरा थांबल्या. "हाताला खिडकीच्या दगडावानी लागला. पर वारं लई ग्वाड व्हतं."

त्या पाणी प्यायला लागल्या तसं मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, तो झोका... मी त्या दिवशी..."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "लई पार्ट्या आणल्या म्या हितं. झोका तुमच्या एकट्यालाच दिसला."

"मग त्यांना कशाला सांगितलात?"

"समद्यात तिला त्योच आवडला. मग राहू दिला."

आम्ही गाडीत बसलो. आबांनी माझ्याकडून किल्ली घेतली, आणि मान मागं वळवली.

"हां, गुरुजी. काय बघितलं?"

"मी कुठं काय बघितलं, आबा? मी तर पार्किंगमध्येच होतो."

"हजेरी म्हंजी हजेरी."

किल्ली त्यांच्या हातात तशीच. हौसाबाईही कान देऊन बसलेल्या. या वेळी मला काही बनवावं लागलं नाही.

"एक माणूस गाडी सोडून आत गेलेला बघितला," मी म्हणालो.

आबांनी पंच्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि शेजारी वळून विचारलं, "काय गं, धरायची का ह्यांची हजेरी?"

"धरा," हौसाबाई म्हणाल्या. "ह्या बारीला खरं बोलत्यात."

आबांनी किल्ली फिरवली.