तुटन, पण कुठून?

काळबांडे सर लग्नाकार्यात खुर्चीवर सरळ कधी बसले नाहीत. आधी ते खुर्ची उलटी करत. भर मांडवात, पाहुण्यांच्या गर्दीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीचे चारही पाय आभाळाकडे करून एकेक पाय दाबून पाहत आणि निकाल देत, "मागचा डावा. पहिले तोच जाईन." मग दुसरी खुर्ची उलटी करत. एका साक्षगंधाला त्यांनी नापास केलेल्या खुर्चीवर मुलाचे मामा मुद्दाम जाऊन बसले. "मास्तर, पाहू बरं काय होते ते!" पोहे येईपर्यंत मामा जमिनीवर होते. लोक मामांना उचलायला धावले, सर खुर्ची उचलायला. "मागचा डावाच हाये, पाहा!" एवढा आनंद त्या मांडवात खुद्द नवरदेवालाही झाला नसेल.

सर वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचे आणि मी तिथलं ग्रंथालय सांभाळायची. शिवाय आमची घरं भिंतीला भिंत लागून. म्हणजे कॉलेजातही काळबांडे आणि घरीही काळबांडे! मी नवी बादली आणली की फाटकातच अडवायचे. "तुटन. पण कुठून, ते सांगा."

"अहो सर, आजच आणली हो! जरा चांगलं बोला."

"चांगलंच बोलून राह्यलो, मॅडम. कडीपासून जाईन, बूड शाबूत राहीन."

आणि मेली ती बादली, कडीपासूनच जायची.

दोन हजारचं दशक सरत आलं तेव्हा कॉलेजात एक यंत्र आलं. संगणकावर काढलेली वस्तू ते प्लॅस्टिकमध्ये छापून द्यायचं. आत प्लॅस्टिकची तार वितळायची, सोऱ्यातून शेव पडावी तशी बारीक धार पडायची आणि थरावर थर चढत वस्तू उभी राहायची. बाकीच्यांनी हौसेनं गणपती छापून घेतले. सरांनी छापल्या पट्ट्या. नुसत्या पट्ट्या! आणि छापल्या की तोडल्या. आधी संगणकाकडून वदवून घ्यायचं की ही किती वजनाला आणि कुठून तुटेल. पडद्यावर पट्टी निळी दिसायची, जिथं ताण जास्त तिथं लाल. मग ओढायच्या यंत्रात घालून खरोखर तोडायची. भाकीत जुळलं की सर्वांना गोरसपाक, आमच्या वर्ध्याची ती तुपातली खुसखुशीत बिस्किटं.

"काय आनंदाची बातमी, सर?"

"तुटलं!"

मोडतोडीचे गोरसपाक वाटणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात हा एकच. मी एकदा वैतागून विचारलं, "शेवटी तोडूनच बघता ना? मग त्या संगणकाला कशाला शिणवता?"

"मॅडम, एखादी वस्तू अशी राहते का तिले तोडून पाहता येत नाई," ते म्हणाले. मी ते सोडून दिलं. सरांचं सगळंच कुठं मनावर घ्यायचं?

घरी ते आणि त्यांची मोठी बहीण, मालूताई. दोघंही बिनलग्नाची. ताईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, पण आई वारल्यावर याच बाईनं भावाला वाढवलं. पायाला आधार देणारं पट्ट्यांचं कॅलिपर, गुडघ्यावर खटका. उभं राहिलं की खटका खट्कन बसायचा आणि पाय ताठ राहायचा. तो खटका त्याच सुमारास मोडला. बनवणाऱ्यानं दुकान केव्हाच बंद केलेलं. लोखंडाचा करून आणला तर तो जड, मांडी सोलून काढायचा. रोज कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन भाजीवाल्याशी भांडणाऱ्या ताई खिडकीतून भांडू लागल्या. त्यात मजा नाही हो! त्यातच समुद्रपूरहून त्यांच्या जिवाच्या मैत्रिणीचा, कुंदाताईंचा निरोप आला, लेकीचं साक्षगंध आहे म्हणून. ताईंनी जाहीर केलं, "मी जाणार. एकटी. एष्टीनं."

सरांनी खटका छापायला घेतला. संगणक म्हणाला, भक्कम आहे, तुटलाच तर त्याच्या टोकाच्या आकड्याच्या बुडाशी. ओढायच्या यंत्रात घातला तर निम्म्या वजनालाच मधोमध गेला, कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा थरापासून थर सुटला. त्या दिवशी गोरसपाक नाही. सर ग्रंथालयात मागच्या बाकावर येऊन बसले, चहा पाठवला तो तसाच गार झाला. निघताना म्हणाले, "पट्ट्या साऱ्या आडव्या छापल्या होत्या अन् खटका छापला उभा. लाकूड नाई का रेषेरेषेनं चिरत? तसं झालं. संगणकाले मीच अर्धवट सांगतलं."

मग उभ्या, तिरप्या, सगळ्या तऱ्हेच्या पट्ट्या तोडून त्यांनी संगणकाला थर शिकवले. खटका आडवा छापला. या वेळी तो संगणकानं सांगितलं तिथंच तुटला, तोही ताईंच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं घेऊन. गोरसपाक दोनदा वाटले.

मग ताईंसाठी तसाच दुसरा छापला आणि तो राहिला सरांच्या खिशात. आज लावतो, उद्या लावतो. साक्षगंध तोंडावर आलं. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून ताईंचा आवाज आला, "काऊन रे, माह्या पायाले लावतो का देव्हाऱ्यात ठेवतो?"

"ताई, जो तपासला तो तुटला. हा तपासला नाई."

"मंग तपास!"

"तपासला का हाही तुटन ना!"

मला इकडे हसू फुटलं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "साऱ्या वर्ध्याले सांगत फिरतो. आता मले सांग. तुटन, पण कुठून?"

मग सरांचा आवाज, कधी ऐकला नव्हता असा. "तू पडली तर, ताई?"

"पडली तर उठवजो. लहानपणी तुले कोण उठवत होतं?"

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. माणूस घाबरला होता हो. एवढ्या पट्ट्या त्या भीतीपायी तोडल्या होत्या त्यानं.

साक्षगंधाच्या सकाळी आमची वरात एष्टीच्या थांब्याकडे निघाली. पुढे ताई, पायाला नवा खटका, खट्, खट्. मागे त्यांची पिशवी घेऊन मी आणि माझ्या मागे अंगणातली खुर्ची डोक्यावर घेतलेले सर. न जाणो, वाटेत लागली तर! ताईंनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. एष्टी आली. पायरी उंच. ताईंनी दांडा धरला आणि सगळा भार त्या पायावर टाकला. सरांनी डोळे गच्च मिटले. मीही मिटले, खोटं कशाला बोलू?

"चला मावशी, पुढं सरका," कंडक्टर म्हणाला. डोळे उघडले तर ताई आत होत्या. खिडकीतून ओरडल्या, "पोचली का फोन करते! जा आता घरी!" भाजीवाल्यावर ओरडायच्या त्याच आवाजात.

हुश्श! केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू. एष्टी हलली. सरांनी खुर्ची रस्त्याच्या कडेला टेकवली आणि बसले. उलटी न करता, पाय न दाबता, सरळ बसले. मी म्हणणारच होते, "अहो सर," तोच कडाड् आवाज झाला आणि सर धुळीत.

मी धावले. हात देता देता जन्माचा सूड उगवायची संधी कशी सोडू? "सांगा सर, कुठून तुटली?"

सर बसल्या जागेवरून वळणावर दिसेनाशा होणाऱ्या एष्टीकडे बघत होते. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

"कोणी पाह्यलं, मॅडम?"