मेश्राम सिस्टरची जर्मनीची केस

आमच्या शेजारच्या मेश्राम सिस्टर दगड घरात घेण्याआधी त्याचं वजन करतात. साध्या तराजूवर नाही. अंगणवाडीत तान्ह्या पोरांना वजनासाठी टांगतात तसली झोळी त्यांनी व्हरांड्यातल्या हुकाला अडकवून ठेवली आहे. दगड कोमट पाण्यानं धुवायचा, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं पुसायचा, झोळीत घालायचा आणि काटा स्थिर झाला की जाहीर करायचं, "अडीच किलो. चांगला भरला." दगड किरकोळ निघाला तर कपाळाला आठी घालून मला विचारणार, "प्रकाशभाऊ, कोन्या गावचा हाये हा? तिकडच्या लोकाईचं खानंपिनं बरं नाई वाटते."

पुसदमध्ये घराला लागूनच माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. सिस्टर सरकारी नर्स होत्या आणि त्यांची बरीचशी नोकरी फुलसावंगीच्या बाजूला झाली. लग्न केलं नाही. तिकडच्या किती गावांतली किती माणसं त्यांच्या हातावर जन्मली, याचा हिशेब त्यांनाही सांगता येणार नाही. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय मला राहिलेली नाही.

रविवारी सकाळी मी पेपर उघडला रे उघडला की फाटकाशी हाक येते, "भाऊ, गाडी काढा. तिकडं विहीर खंदून राह्यले म्हनते." आणि वरात निघते. पुढे मी, मागे सिस्टर, आणि आमच्या दोघांच्या मधे तो निळा डबा. पूर्वी त्यातून बर्फात ठेवलेल्या लसी जायच्या, आता त्यातून दगड येतात. खेड्यापाड्यांतली पोरं मात्र तो डबा दिसला की अजूनही दंड धरून पळतात.

हे वेड लागलं ते निवृत्तीनंतर. भाचीनं त्यांना नागपूरला कसल्याशा प्रदर्शनात नेलं होतं. तिथे एक मोठा फोटो होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या, दिसायला माशासारख्या पण जातीनं सरड्या-सुसरींच्या गोतातल्या एका जनावराचा सांगाडा, जर्मनीत खडकात सापडलेला. नाव इक्थिओसॉर. ही जनावरं अंडी घालत नसत, पिलांना जन्म देत. फोटोतली मादी वितानाच मेलेली, पिलू अर्धं बाहेर, अर्धं आत, आणि दोघं तशीच दगड झालेली. बाकीचे लोक तिचे दात बघत होते. सिस्टरांनी म्हणे चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि भर प्रदर्शनात मोठ्यानं म्हटलं, "अवं माय, शेपटी आधी! अडलेली बाई हाये ही. कोनी नव्हतं काय वं हिच्याजवळ?"

तेव्हापासून ती 'जर्मनीची केस' झाली. सिस्टरांनी ठरवून टाकलं की अशी एखादी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही असणार, ती शोधायची, आणि सापडली की छिन्नीनं आधी पिलू मोकळं करायचं. आई नंतर. एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्या भाजीवालीपासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना सांगत. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, आपल्या इथून समुद्र किती लांब हाये! इथं कायची येते ते?" तर म्हणाल्या, "बाळंतपनाले बाई माहेरी जाते. तिचं माहेर इथं असन." मी गुमान गाडीला किक मारली.

शोधकामात त्यांना घाई चालत नाही. एकदा एका खडकात काहीतरी गोल दिसलं म्हणून मी जोरात हातोडा उचलला. माझा हात वरच्या वर धरून त्या म्हणाल्या, "कळ आल्याबिगर जोर लावू नये, भाऊ. श्वास घ्या. घ्या म्हनते ना!" मी पन्नाशीतला दुकानदार, विहिरीच्या काठावर उभा राहून लांब श्वास घेतला. विहिरीतले मजूर काम सोडून माझ्याकडे बघत राहिले.

जर्मनीची केस काही मिळेना. मिळाले ते शंख. नखाएवढे, बोटाच्या पेराएवढे, दगडात घट्ट बसलेले. ते त्यांनी घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी काचेच्या बरण्यांत ठेवले. पाहुण्यांनी विचारलं तर सांगत, "हे किरकोळ ओपीडी. मेन केस यायची हाये अजून."

आणि मागच्या उन्हाळ्यात ती आलीच. तांड्यावरच्या राठोडभाऊंच्या शेतात विहीर खोदताना माणसाएवढा लांब दगड लागला. पाठीच्या कण्यासारखा उंचवटा, दोन्हीकडे फासळ्यांसारखे पट्टे, आणि खालच्या टोकाला एक छोटा गोळा चिकटलेला. राठोडभाऊंनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा पसरून त्यावर घालून आणला. सिस्टर ट्रॉलीपुढे पायी चालत होत्या आणि ड्रायव्हरला ओरडत होत्या, "खड्डा वाचव रे! पेशंट हाये!" हा पेशंट झोळीत मावणारा नव्हता. तो व्हरांड्यात लाकडी बाजेवर निजवण्यात आला. छिन्नी मात्र त्यांनी लावली नाही. म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरनं पाहिल्याशिवाय अडलेल्या बाईला हात लावायचा नसतो. भाचीची एक मैत्रीण नागपूरला भूगर्भशास्त्र शिकवते, ती थंडीत येणार असं ठरलं.

मधल्या काळात भलतंच झालं. सिस्टरकडच्या दगडात आई आहे, आईच्या पोटात बाळ आहे, ही बातमी तांड्यावर गेली. तांड्यावरच्या बायका त्या दगडाला याडी म्हणू लागल्या. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. मग बाजाराच्या दिवशी एक पोटुशी बाई आली, तिनं दगडाला हळद-कुंकू लावलं आणि खणा-नारळानं त्याची ओटी भरली. पुढच्या बाजाराला चौघी आल्या. आमची शोभा, म्हणजे माझी बायको, ती तर चहाच करून द्यायला लागली.

सिस्टरांचा पारा चढला. "मी सरकारी नर्स हाव, पुजारीन नाई! उचला ते कुंकू!" त्यांनी दगड ओल्या फडक्यानं पुसून काढला. पण बायका काही जायला तयार होईनात. मग सिस्टरांनी चष्मा नाकावर सरकवला, खुर्ची ओढली आणि नियम केला. ओटी भरायची असेल तर आधी दवाखान्याचं कार्ड दाखवायचं. कार्ड नसेल तर तिथल्या तिथे तिच्या गावच्या आशाताईला फोन. मग पाय पुढे करायचा, सूज बघू दे. दंड पुढे करायचा, बीपी बघू दे. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या नसतील तर ओटी परत. "दगडाले नारळ देते, अन् सोताच्या अंगात रक्त नाई! चाल, उद्याच्या उद्या दवाखान्यात!" बायका देवीला जेवढ्या घाबरत नसतील तेवढ्या सिस्टरांना घाबरत. पण येत होत्या. मी दुकानातून हे बघायचो आणि मनात म्हणायचो, प्राध्यापिकाबाई न आलेल्याच बऱ्या.

त्या आल्या. तरुण, बोलायला गोड. त्यांनी भिंगातून दगड वरपासून खालपर्यंत पाहिला, बोटांनी चाचपला, आणि सिस्टरांकडे बघून अडखळल्या. मग म्हणाल्या, "ताई, हा सांगाडा नाही. लाव्हारसाचा खडक आहे. झिजताना त्याचे असे पापुद्रे सुटतात, म्हणून फासळ्यांसारखं दिसतं. आणि ती इक्थिओसॉरची जात इथे लाव्हा येण्याच्या कितीतरी आधीच संपली होती."

"यात बाई नाही?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही."

"अन् लेकरू?"

"नाही हो. कोणीच नाही."

सिस्टर बाजेच्या कडेवर बसल्या. शोभा पाणी आणायला धावली. एवढ्या वर्षांच्या वणवणीवर पाणी पडलं म्हणून मला त्या प्राध्यापिकेचा रागच आला. समजूत घालायला मी पुढे झालो, तर सिस्टरांनी पदरानं डोळे पुसले आणि त्या चक्क हसल्या.

"बरं झालं वो," त्या म्हणाल्या. "मले वाटे, हेबी अडलीच."

मग त्यांनी कमलचं सांगितलं. मी इतक्या वर्षांचा शेजारी, पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं. कमल कापूस वेचायला जाणारी पोर, पहिलटकरीण. घरच्यांनी तिला तपासायला कधी आणलंच नाही. सिस्टरांना बोलावणं गेलं ते अगदी शेवटी. त्या सायकल दामटत पोचल्या तेव्हा पोरीचं अंग सुजलेलं होतं, झटके येत होते, आणि बाळ अर्ध्या वाटेवर होतं. जीप आली, पण उशिरा. दोघंही गेली.

"तिचा हात माह्या हातात होता," सिस्टर म्हणाल्या. "तो फोटो पाह्यला तं मले कमलच दिसली, भाऊ. तशीच राह्यली, मोकळी नाई झाली. म्हटलं, एखादी सापडली तं निदान तिचं लेकरू मोकळं करीन. येडेपना हाये, मले समजते. पन घरात एकटं बसलं का तेच डोयासमोर येते."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी त्या लपवल्या नाहीत. ज्या बाईला आम्ही गावभर हसलो, ती इतकी वर्षं एका मेलेल्या पोरीचा हात धरून बसली होती.

प्राध्यापिकाबाईंनी भिंग पिशवीत ठेवलं. मग दारातून त्यांचं लक्ष आतल्या काचेच्या बरण्यांकडे गेलं आणि त्या एकदम उठल्या. "हे कुठे मिळाले? हे खरे जीवाश्म आहेत! एकदा लाव्हा आला, थंड झाला, आणि दुसरा यायला खूप काळ गेला. त्या मधल्या काळात इथे तळी होती. हे त्या तळ्यांतले शंख."

"म्हंजे दोन आगीच्या मधातबी इथं लेकरं झाली म्हना की!" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बरणी हातात घेतली आणि झाकण काढून एकेक शंख प्राध्यापिकेच्या तळहातावर ठेवायला लागल्या. कोणता कुठल्या विहिरीतला, कुठल्या नाल्यातला, सगळं तोंडपाठ. जाताना प्राध्यापिकाबाई सांगून गेल्या, कच्छमध्ये इक्थिओसॉरचा सांगाडा खरोखर सापडला आहे, पुढच्या थंडीत त्या बाजूला विद्यार्थ्यांना नेणार आहे, तुम्हीही चला. शोभानं लगेच माझ्याही नावाला होकार देऊन टाकला.

आता प्रश्न उरला बाजाराच्या दिवसाचा. मी सिस्टरांना म्हटलं, "सांगू नका बायकाईले. दगड राहू द्या तसाच. त्या निमित्तानं तपासनी तं होते."

"खोटं बोलून कोनाची तपासनी केली नाई मी," त्या म्हणाल्या. दुकानातले चार हमाल हाताशी घेऊन त्यांनी आणि मी तो दगड बाजेवरून ढकलत अंगणात नेला आणि तुळतुळीत बाजू वर करून जांभळीखाली ठेवला.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरून नेहमीच्या दोघी-तिघी आल्या. त्यांच्याबरोबर एक नवीन पोर होती, पहिलटकरीण, ओटीचं सामान छातीशी धरलेली. रिकामी बाज पाहून ती दारातच थबकली.

"याडी कुठं हाये, सिस्टर?"

"तो दगडच होता, बाई. त्याच्यात कोनी नव्हतं."

पोरीनं इकडेतिकडे बघितलं. नारळ हातातच होता. "मंग मी जाऊ का वापस?"

सिस्टरांनी तिचा हात धरला, अंगणात नेऊन तिला त्या दगडावरच बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या.

"काहून जाते? लेकरू तं तुह्या पोटात हाये. पाय कर इकडं."